ॲडम्सटाउनच्या बाजारातली क्विल्ट

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी न्यू जर्सीहून पहाटे निघून आम्ही पेनसिल्व्हेनियातील ॲडम्सटाउनला पोहोचलो. लँकेस्टर काउंटीतील आमिश लोकांची, म्हणजे जुन्या पद्धतीची साधी राहणी जपणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, दुकाने रविवारी बंद असतात, परंतु रस्ता क्रमांक २७२ च्या कडेने पसरलेला जुन्या वस्तूंचा बाजार नेमका त्याच दिवशी भरात असतो. मला पाहायच्या होत्या जुन्या अमेरिकन क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या. आपली गोधडी जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवर अंथरून शिवतात. क्विल्टमध्ये मात्र तुकडे जोडून केलेला वरचा थर, मधला कापूस आणि खालचे अस्तर असे तीन भाग असतात, आणि ते तिन्ही एकाच काळातले असतीलच असे नाही.

एका गाळ्यात ‘नाइन पॅच’ नमुन्याची, म्हणजे नऊ-नऊ चौकोनांचे गट जोडून केलेली क्विल्ट होती आणि तिच्या चिठ्ठीवर १८८० हे साल लिहिले होते. वरचा थर पाहून ते पटण्यासारखे होते. निळीत रंगवलेल्या कापडावरचे पांढरे ठिपके, गुलाबीवर गुलाबी छपाई, आणि विशेषतः तपकिरी तुकडे! शेजारचे निळे चौकोन धडधाकट असताना तपकिरी तेवढे विरून आतला कापूस दिसू लागला होता, कारण त्या काळी तपकिरी आणि काळा रंग पक्का करण्यासाठी वापरलेले लोहक्षार कापडाला हळूहळू कुजवतात. असे निवडक विरणे मला लिहिलेल्या सालापेक्षा अधिक विश्वासाचे वाटते. यंत्राची शिलाई दिसली म्हणून क्विल्ट नवी ठरवणेही चूक आहे, कारण १८६० च्या दशकापर्यंत शिवणयंत्र अनेक अमेरिकन घरांत पोहोचले होते.

मग मी ती उलटी केली. अस्तरावर बारीक भोकांची एक सरळ रांग होती; धान्याच्या पोत्याची साखळी-शिवण उसवल्यावर राहते तशी. कडेची पट्टी फिकट पुदिनी हिरव्या रंगाची होती, आणि ही छटा १९३० च्या दशकात अमेरिकेत फार चालत असे. मोठ्या सावकाश धावदोऱ्याने घातलेले टाके वरपासून अस्तरापर्यंत गेले होते. पूर्ण क्विल्टचे वय तिच्यातल्या सर्वांत नव्या कापडापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे कोणीतरी जोडून ठेवलेला वरचा थर पुढे मंदीच्या वर्षांत दुसऱ्या कोणीतरी पुरा केला असावा.

विक्रेत्या आजींना मी ती भोके दाखवली. त्यांनी चष्मा लावून रांगेवरून बोट फिरवले आणि आपल्या हातानेच चिठ्ठीवरचे साल खोडले. दोन बायकांच्या हातची ही क्विल्ट मला अधिकच मोलाची वाटली आणि मी ती घेतली.

घरी आल्यावर ती धुतली नाही. विरलेले तपकिरी चौकोन पाण्यात टिकले नसते. धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून ठेवली आहे, दर काही महिन्यांनी घड्या बदलते, आणि अस्तराच्या कोपऱ्यात एक लहान सुती पट्टी टाचली आहे: ‘वरचा थर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, अस्तर व टाके १९३० च्या सुमाराचे, ॲडम्सटाउन येथे घेतली.’