पहाटे चारचं पाणी

ऑयुइट्टुक राष्ट्रीय उद्यानात जायला रस्ता नाही. कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या पांगनिर्टुंग या इनुइट (तिथले मूळ रहिवासी) लोकांच्या गावातून बोटीने फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या टोकाला, ओव्हरलॉर्ड या ठिकाणी उतरायचं. तिथून पुढे ९७ किलोमीटरची अक्षायुक खिंड. आम्हा गाइड मंडळींना सगळे विचारतात ते माउंट थॉरबद्दल: १२५० मीटरचा कडा, तोही बाहेर झुकलेला. पण वाटेने चालणाऱ्याचं थॉर काही वाकडं करत नाही. जीव टांगणीला लावतात ते हिमनद्यांतून निघून वीझल नदीला मिळणारे ओढे.

त्या जुलैत परतताना, ओव्हरलॉर्ड दोन-तीन तासांवर असताना, असाच एक आडवा आला. लागोपाठ कडक ऊन पडलेलं, त्यात दुपारचे तीन. पाणी पिठूळ, तळ दिसेना, आणि आतून गडगड ऐकू येत होती. तळाचे धोंडे सरकत होते. हा आवाज आला की खोली मोजत बसायचं नाही. गटातल्या दोघांना वरच्या अंगाला अरुंद जागा दिसली, पण अरुंद म्हणजे खोल आणि वेगवान. उतरायचं ते पात्र फुटून चार-पाच धारा होतात तिथे.

उन्हाने वितळलेलं पाणी ओढ्यात पोचायला काही तास लागतात. म्हणून फुगवटा दुपारपासून रात्रीपर्यंत आणि सगळ्यात कमी पाणी पहाटे. पाऊस झाला तर मात्र हे गणित चालत नाही. आम्ही काठाशी एक दगड खुणेला ठेवला. रात्री आठ वाजता तो बुडालेला होता.

खरी पंचाईत बोटीची. फ्योर्डच्या टोकाशी ओहोटीला नुसता चिखल उघडा पडतो, बोट लागते ती भरतीलाच. एक भरती हुकली की पुढची साडेबारा तासांनी. सॅटेलाइट फोनवर बोटवाल्यांना कळवलं. इनुइट माणूस, पाण्याची घाई त्यांनी कधीच केली नाही. म्हणाले, "वारा नसेल तर सकाळच्या भरतीला येतो." जादा दोन दिवसांचं जेवण सोबत ठेवायचं ते यासाठीच.

पहाटे चार वाजता दगड कोरडा होता, पाणी त्याच्याखाली वीतभर उतरलेलं. उजेड पुरेसा, तिथे जुलैत मिट्ट काळोख होत नाही. ढगळ रेनपँट काढल्या, कारण त्यात पाणी भरतं. पायात निओप्रीनचे (ओल्यातही ऊब देणाऱ्या रबराचे) मोजे आणि हलके बूट, अनवाणी अजिबात नाही. सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा मोकळा. पाय सुटला तर सॅक सोडून देता आली पाहिजे. सगळ्यात दणकट माणूस पुढे, प्रवाहाकडे तोंड करून, काठीवर रेलून. बाकीचे त्याच्या मागे एका ओळीत, पुढच्याची सॅक धरून. एका वेळी एकच पाय उचलायचा, तिरकं खालच्या अंगाला सरकायचं, पायात पाय घालायचा नाही. नजर पलीकडच्या काठावर, वाहत्या पाण्याकडे बघितलं की गरगरतं. दोर बांधायचा नाही, पडलेल्याला तोच पाण्याखाली दाबून धरतो. तिसऱ्या धारेत पाणी मांडीला लागलं. आमची हद्द तीच. त्याच्या वर गेलं असतं तर परत फिरलो असतो. पलीकडे पोचेपर्यंत बोटं बधिर. लगेच कोरडे मोजे घालून चालायला लागलो.

ओव्हरलॉर्डला वाट बघताना एकजण पहाऱ्यावर होता, कारण किनाऱ्याजवळ ध्रुवीय अस्वलाचा धोका असतो. पाहुण्यांना उद्यानात बंदूक नेता येत नाही. शिकारीचा हक्क इनुइटांचा.

सकाळी वारा पडलेला होता. बोट भरतीबरोबर आली. गावात उतरल्यावर पहिलं काम म्हणजे पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या कार्यालयात परत आल्याची नोंद. ती राहिली तर तुम्ही हॉटेलात झोपलेले असतानाही शोध सुरू होऊ शकतो.