नळी नको, म्हणाली होती

"टाक्यांचं सोसेन मी डॉक्टर, पण लघवीची नळी घालू नका." ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तपासायला गेले, तेव्हाचं तिचं पहिलं वाक्य. वय ४२. फायब्रॉइडच्या गाठींमुळे गर्भाशय काढायचं होतं, पण फाइल जाड झाली होती ती मूत्राशयाच्या दुखण्याने. ६ वर्षं तेच. मूत्राशय भरलं की दुखतं, रिकामं झालं की जरा सुटतं. युरीन कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, दर वेळी निर्दोष, तरी अँटिबायोटिक्सचे कोर्स झालेलेच.

मी भूलतज्ज्ञ. अशा पेशंटच्या नसा आधीच चेतलेल्या असतात, साधा चिमटाही त्यांना दुप्पट बसतो. म्हणून तयारी कसून केली. रात्रीची अमिट्रिप्टिलिन, नसांच्या दुखण्यावरची गोळी, चालू ठेवली आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक टाळलं, कारण दोन्ही मिळून शरीरातलं सेरोटोनिन धोकादायक वाढवू शकतात. मणक्यातून मॉर्फिन दिलं नाही, त्याने लघवी अडते. भूल देताना केटामिन हे वेदना दाबणारं औषध थोडंसं, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. ज्युनियर म्हणाला, "मॅडम, केटामिनने तर ब्लॅडर खराब होतं ना?" होतं, नशेसाठी महिनोन्महिने घेणाऱ्यांचं. एवढ्याशा डोसने नाही. पण प्रश्न सुचला याचंच बरं वाटलं.

शेवटी टॅप ब्लॉक, म्हणजे पोटाच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन. सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटाच्या स्नायूंचे तीन थर दिसतात. सुई आतल्या दोन थरांमध्ये नेली, औषध सोडलं, आणि थर अलगद फाकून मधे काळं भिंग उमटलं. इतक्या वर्षांनी अजूनही ते पाहून खूश होते मी.

रिकव्हरीत ती जागी झाली ती ओरडतच. "जखम दुखतेय का?"

"जखम नाही हो! लघवीला जाऊ द्या मला!"

पिशवीत लघवी नीट उतरत होती. पांघरूण बाजूला केलं. १६ नंबरचा जाडसर कॅथेटर, मांडीला ताणून चिकटवलेला, म्हणजे नळी आत धरून ठेवणारा फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी रुतलेला. "हिला काहीच सहन होत नाही," सिस्टर म्हणाल्या. जखमेच्या दुखण्याला तिने १० पैकी २ दिले होते.

चिकटपट्टी सोडवून नळी सैल केली, तसं ओरडणं कण्हण्यावर आलं. सर्जनना फोन लावला. "उद्या सकाळी काढू, रूटीन आहे." या एका शब्दाखाली आमच्याकडे काहीही खपतं. ऑपरेशनपुरती नळी लागणारच होती, मान्य. पण बारीक चालली असती, आणि टेबलावरच काढायचा विचार तरी करता आला असता. हुज्जत घालून संध्याकाळी काढायला लावली. दोन तासांनी ती आपली आपण लघवीला जाऊन आली आणि झोपली.

रात्री तिची फाइल पुन्हा काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : "रुग्णास कॅथेटरची भीती वाटते." भीती! आणि तेसुद्धा सुरुवातीच्या टाइम-आउटला, म्हणजे ऑपरेशनआधी पेशंटची माहिती पडताळताना, सगळी टीम समोर उभी असताना, मी वाचलं नव्हतं. तेव्हा मी केटामिनचा हिशोब करत होते.