बोलणी फिसकटली ते घर

रेक्याविकमध्ये छत्री उघडायची नसते. पहिल्या सकाळी हॉटेलच्या दाराबाहेर दहा पावलं टाकली असतील-नसतील, पुण्याहून आणलेली छत्री उलटी झाली आणि काड्या बाहेर आल्या. इथला पाऊस वरून पडतच नाही, समुद्राकडून आडवा येतो. रिसेप्शनवरच्या मुलीने काही न बोलता कोपऱ्यातली कचऱ्याची बादली दाखवली. तिच्यात आधीच दोन छत्र्या होत्या.

आइसलंडला यायचं ठरलं ते लेकीच्या हट्टाने. ती नेदरलँड्समध्ये शिकते, ऑक्टोबरात आठवडाभर सुट्टी होती आणि तिला नॉर्दर्न लाइट्स बघायचे होते. माझी अट एकच, एक दुपार माझी.

“काय बघायचंय तुला?”

“एक घर.”

“कुणाचं?”

“आता कुणाचंच नाही.”

१९८६ साली मी सांगलीत सातवीत होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या पुस्तकांना रशियन मासिकांच्या पानांची कव्हरं असायची. गुळगुळीत जाड कागद, त्यावर धरणं, ट्रॅक्टर, डोक्याला रुमाल बांधलेल्या हसऱ्या बायका. रद्दीवाल्याकडे ती मासिकं आधीच सांगून ठेवावी लागत. रशियाबद्दल आमचं मत त्या कागदाइतकंच चांगलं होतं. अमेरिकेबद्दल मत बनवायला कागदच नव्हता. दोघांकडे मिळून एवढे अणुबॉम्ब आहेत की पृथ्वी कितीतरी वेळा नष्ट होईल, असं सरांनी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, “पण सर, एकदा झाल्यावर दुसऱ्यांदा कशाला?” सरांनी त्याला उभं केलं. आज वाचते तेव्हा कळतं की त्याच वर्षी जगातल्या अण्वस्त्रांचा आकडा सर्वांत वर, ७० हजारांच्या आसपास गेला होता, आणि जवळजवळ सगळी या दोघांचीच. प्रश्न बरोबर होता.

दसऱ्याच्या त्या दिवसांतली एक सकाळ आठवते. बाबा दाढी करत होते, रेडिओवर बातम्या चालू होत्या, आणि रेक्याविक नावाच्या गावी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत रशियाचे नेते गोर्बाचेव्ह यांची बोलणी फिसकटल्याचं सांगितलं. ‘फिसकटली’ हा शब्द मी तोवर एकदाच ऐकला होता, आत्याच्या लग्नाच्या वेळी. याद्या करायला बसले, सगळं जमलं, आणि बँडचा खर्च कुणी करायचा यावरून उठले. बाबांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, “मोडलं.” त्यांच्या आवाजावरून मला वाटलं, आता युद्ध होणार.

तर ते मोडलं ते घर.

हॉटेलपासून समुद्राच्या कडेने चालत निघालो. डावीकडे खाडी, पलीकडे एस्या डोंगर, त्याचा माथा ढगात. लेकीने हुडी घट्ट बांधली होती आणि दर पाच मिनिटांनी मोबाइलवर ढगांचा अंदाज बघत होती. वाटेत जहाजाच्या सांगाड्यासारखं दिसणारं ते प्रसिद्ध पोलादी शिल्प लागलं. तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग होती. पुढे मात्र कुणी नाही. काचेच्या ऑफिस-इमारतींच्या पुढ्यात, हिरवळीच्या तुकड्यावर, एक पांढरं लाकडी दुमजली घर एकटंच उभं. हॉफ्दी.

“हे?” लेक म्हणाली.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. आमच्या सांगलीतला एखादा डॉक्टरचा बंगला याच्या दुप्पट असेल. १९०९ साली फ्रेंच कॉन्सुलासाठी हे बांधलं. पुढे इथे एक कवी राहिला, मग ब्रिटिशांचं प्रतिनिधी-निवास झालं. त्यातल्या एका ब्रिटिश साहेबाला रात्री-अपरात्री आवाज ऐकू येत, भिंतीवरच्या तसबिरी आपोआप पडत. शेवटी त्याने लंडनला कळवून घर विकायला लावलं, अशी कथा आहे. १९५८ मध्ये ते शहराने घेतलं. आइसलंडचे लोक भुताचं हसून सांगतात, पण नाकारत नाहीत.

दार बंद होतं. आत जाता येत नाही, फक्त सरकारी समारंभांना उघडतात, हे मला माहीत होतं, तरी मी कडी हलवून बघितलीच. मग खिडकीला नाक लावलं. आत एक टेबल, खुर्च्या, आणि माझंच प्रतिबिंब.

११ आणि १२ ऑक्टोबर १९८६. शनिवार-रविवार. भेटीची घोषणा होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. सप्टेंबरात गोर्बाचेव्हनी पत्र पाठवलं, की जिनिव्हातल्या भेटीनंतर वर्ष होत आलं, अधिकाऱ्यांच्या बैठकांतून काही निघत नाही, आपणच एखाद दिवस भेटू या, आइसलंडला किंवा लंडनला. आइसलंड दोघांच्या मध्ये पडतं म्हणून आइसलंड ठरलं. एवढ्या घाईत कुणाला तयारी करता आली नाही, आणि मला वाटतं तेच बरं झालं. रेगन अमेरिकन राजदूताच्या घरी उतरले. गोर्बाचेव्ह बंदरात उभ्या असलेल्या ‘गेऑर्ग ओट्स’ नावाच्या जहाजावर. दोघं या पांढऱ्या घरात भेटायचे, आणि दोन्हीकडची मंडळी वरच्या-खालच्या खोल्यांत कोंबलेली. जागाच नव्हती. अमेरिकेचा एक प्रस्ताव तर न्हाणीघरात टबावर फळी टाकून लिहिला गेला.

शनिवारी रात्री आठ वाजता दोन्हीकडचे जाणकार याद्या करायला बसले. अमेरिकेकडून ७९ वर्षांचे पॉल निट्झ, सोव्हिएतांकडून मार्शल सर्गेई अख्रोमेयेव. अख्रोमेयेव कोवळ्या वयात लेनिनग्राडच्या वेढ्यात लढलेले. महायुद्ध बघितलेल्या आपल्या पिढीतले सेवेत उरलेले आपण शेवटचेच, असं ते अमेरिकनांना म्हणाले. सकाळी सहा वाजून गेल्यावर ही मंडळी उठली तेव्हा लांब पल्ल्याची अस्त्रं निम्मी करायची हे पक्कं झालं होतं. दोघांनी प्रत्येकी ६,००० स्फोटकाग्रं आणि १,६०० वाहकांवर, म्हणजे ती वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रं-विमानांवर, यायचं. रविवारी दोन्ही नेत्यांनी युरोपातली मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं शून्यावर आणायचं मान्य केलं.

तिथून पुढे जे झालं त्याची दोन्हीकडची टिपणं आता खुली आहेत. मी ती घराजवळच्याच एका कॅफेत बसून मोबाइलवर पुन्हा वाचली, लेकीने समोर स्कीरची वाटी घेतली होती. (स्कीर म्हणजे आपला चक्काच. साखर-वेलची घालायच्या आधीचा. मी पर्समधली गुळाची वडी काढून कुस्करली तर लेकीला लाज वाटली.) बोलता बोलता रेगन म्हणतात, सगळीच अण्वस्त्रं नाहीशी केली तरी माझी हरकत नाही. गोर्बाचेव्ह म्हणतात, करू शकतो. आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री शुल्ट्झ म्हणतात, मग करू या. त्या तीन वाक्यांपाशी मी दर वेळी थांबते. चाळीस वर्षांत दोन्हीकडच्या हजारो हुशार माणसांनी जो डोंगर रचला, तो दोन वयस्क पुरुष एका रविवारी दुपारी उचलायला निघाले होते. त्याआधी रेगननी एक चित्रही रंगवलं. दहा वर्षांनी आपण दोघं आपापलं शेवटचं क्षेपणास्त्र घेऊन इथेच येऊ. मी इतका म्हातारा झालेला असेन की तुम्ही मला ओळखणार नाही. मग सगळ्या जगाला जंगी पार्टी देऊ. रेगन तेव्हा ७५ वर्षांचे, गोर्बाचेव्ह ५५ चे. गोर्बाचेव्ह म्हणाले, तोवर मी जगेन की नाही ठाऊक नाही, तुमच्यासारख्याशी वाटाघाटी करून माझी शक्तीच संपणार.

आणि मग बँडचा खर्च निघाला. इथे त्याचं नाव ‘प्रयोगशाळा’. अंतराळातून क्षेपणास्त्रं अडवण्याच्या रेगनच्या लाडक्या योजनेची चाचणी दहा वर्षं फक्त प्रयोगशाळेत करायची, बाहेर नाही, अशी गोर्बाचेव्हची अट होती. रेगन म्हणाले, एक शब्द आहे, तो सोडा. गोर्बाचेव्ह म्हणाले, तो सोडला तर मला मॉस्कोत मूर्ख ठरवतील. योजना तेव्हा कागदावरच होती, आणि पुढे तशी ती कधीच उभी राहिली नाही. जे नव्हतं त्यावरून मोडलं. संध्याकाळी अंधारात दोघं या पायऱ्या उतरले तेव्हाचा रेगनचा चेहरा फोटोत आहे. मुलीची बाजू मांडवातून परत निघावी तसा.

गोर्बाचेव्ह तिथून विद्यापीठाच्या सिनेमागृहात पत्रकारांसमोर गेले आणि म्हणाले की हे अपयश नाही, आम्ही क्षितिजापलीकडे डोकावून आलो. तेव्हा त्यावर फार कुणाचा विश्वास बसला नाही. आमच्या बाबांचा तर नाहीच. सहा आठवड्यांनी गोर्बाचेव्ह दिल्लीत आले, राजीव गांधींबरोबर अण्वस्त्रमुक्त आणि अहिंसक जगाच्या जाहीरनाम्यावर सही केली, दूरदर्शनवर तेही आम्ही बघितलं. बाबा म्हणाले, “आपल्याशी ठरवून काय उपयोग? आपल्याकडे आहे काय?”

या बंद दारावर माझ्याआधी आणखी एकजण आला होता, त्याची गोष्ट मी लेकीला हिरवळीवर उभं राहून सांगितली. माथियास रुस्ट, पश्चिम जर्मनीतला १८ वर्षांचा पोरगा. बोलणी फिसकटल्याचं त्याने मनाला लावून घेतलं. मे १९८७ मध्ये भाड्याचं छोटं सेस्ना विमान घेऊन तो हॅम्बुर्गजवळून निघाला, आधी इथे आला आणि हे घर बघायला आला. त्यालाही दार बंद मिळालं. मग तो हेलसिंकीला गेला आणि २८ मे रोजी तिथून उडून, सगळ्या सोव्हिएत हवाई संरक्षणाच्या नाकाखालून, थेट मॉस्कोत रेड स्क्वेअरशेजारच्या पुलावर उतरला. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, सुटका वर्षभरात. पण दोनच दिवसांत गोर्बाचेव्हनी संरक्षणमंत्री सोकोलोव्हना घरी पाठवलं. ज्या सेनापतींच्या विरोधाला ते बिचकत होते, त्यांचं तोंड एका पोराच्या विमानाने बंद केलं.

“तू पण काहीतरी कर मग,” लेक म्हणाली.

प्रयोगशाळेचा शब्द मात्र त्याआधीच सुटला होता. डिसेंबर १९८६ मध्ये गोर्बाचेव्हनी गॉर्की शहरात नजरकैदेत असलेल्या आंद्रेई साखारोव्हना फोन करून मॉस्कोला परत बोलावलं. सोव्हिएत हायड्रोजन बॉम्ब ज्यांच्या डोक्यातून आला, तेच साखारोव्ह आल्या आल्या सांगू लागले की अंतराळ-योजनेला भ्यायचं कारण नाही, तिच्यापायी बाकीचं अडवून ठेवू नका. फेब्रुवारी १९८७ च्या अखेरीला गोर्बाचेव्हनी गाठ सोडली. मध्यम पल्ल्याचा करार वेगळा करू, असं जाहीर केलं. ८ डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनला सह्या झाल्या. रेगननी आपली पाठ केलेली रशियन म्हण म्हटली, विश्वास ठेवा, पण तपासून बघा. गोर्बाचेव्ह म्हणाले, हे तुम्ही दर भेटीत म्हणता. सगळे हसले.

मला त्या करारातली अस्त्रांपेक्षा तपासणी जास्त आवडते. रशियातल्या व्होटकिन्स्कच्या क्षेपणास्त्र-कारखान्याच्या फाटकावर अमेरिकन तपासनीस आणि अमेरिकेत युटातल्या मॅग्ना इथे रशियन तपासनीस तेरा वर्षं बसून होते. आत-बाहेर होणारी गाडी मोजायची, एवढंच काम. बायका-मुलं, बाजारहाट, शेजाऱ्यांकडे जेवणं, सगळं त्यातच आलं. १ जून १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली. सोव्हिएतांची १,८४६, अमेरिकेची ८४६. शीतयुद्ध कोण जिंकलं यावर भांडणाऱ्यांनी हे आकडे दोन्ही बाजूंनी वापरलेले मी ऐकले आहेत. तेल स्वस्त झालं होतं, अफगाणिस्तान गळ्यात पडलं होतं, चेर्नोबिलला सहा महिनेच झाले होते, हे सगळं खरं. गोर्बाचेव्हना पैशांची निकड होती हेही खरं. पण निकड असलेले सगळेच काही आपल्या कारखान्याच्या फाटकावर परक्याला खुर्ची टाकून देत नाहीत.

२००८ मध्ये व्हर्जिनियाला दिरांकडे गेलो होतो तेव्हा वॉशिंग्टनच्या विमान संग्रहालयात त्या करारात मोडलेल्यांपैकी दोन क्षेपणास्त्रांचे नमुने शेजारी-शेजारी उभे बघितले होते, सोव्हिएतांची उंच हिरवट एसएस-२० आणि तिच्या खांद्याशी अमेरिकेची पर्शिंग. लेक सहा वर्षांची होती. तिने मान वर करून विचारलं होतं, “यातलं आपलं कुठलं?” आता तिला ते आठवत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, १९९१ च्या नाताळाच्या दिवशी गोर्बाचेव्हनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. अख्रोमेयेवनी ते बघितलं नाही. ऑगस्टातला गोर्बाचेव्हविरुद्धचा उठाव फसल्यावर त्यांनी क्रेमलिनमधल्या आपल्या कचेरीत आत्महत्या केली. आणि तो मध्यम पल्ल्याचा करार २०१९ साली अमेरिका बाहेर पडल्यावर संपला.

हॉफ्दीच्या अंगणात बर्लिनच्या भिंतीचा एक उभा तुकडा आणून ठेवला आहे, त्यावर ईस्टर बेटावरच्या पुतळ्यांसारखा मोठा रंगीत चेहरा. लेकीने मला त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढला, मग घरासमोर एक. पाऊस पुन्हा आडवा सुरू झाला होता. नॉर्दर्न लाइट्स त्या रात्री दिसले नाहीत, पुढच्या तीन रात्रीही नाहीत. लेकीचं तोंड अजून फुगलेलं आहे.

घरासमोरचा फोटो मी बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं: १९८६ ला बोलणी फिसकटली ना, ते घर. बाबा आता ८३ वर्षांचे आहेत. बराच वेळ दोन निळ्या टिकल्या दिसत राहिल्या.

मग उत्तर आलं. “एवढंसंच?”

आणि पाठोपाठ दुसरं. “कानाला बांध काहीतरी. वारा दिसतोय फोटोत.”