रिकाम्या पाकिटांचा खण

कुणाच्या घरी जाऊन काम करायचं असलं की मी पिशवीत घड्याळ आणि कोरी वही टाकते. त्या दिवशी सोबत आणखी एक वस्तू होती आणि खरं सांगायचं तर तिचाच मला अभिमान होता : आठवड्याच्या जेवणाचा तक्ता. सात रकाने, प्रत्येक पदार्थाला वेगळा रंग, खाली अठरा जिनसांची यादी, वरून लॅमिनेशन. दोन रात्री जागून केलेला.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. रोजची कामं ज्यांना जमत नाहीत, त्यांना ती कशी जमतील हे शोधणं हा माझा धंदा. ज्याच्यासाठी तक्ता केला तो पस्तिशीचा (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत). फोनवर ग्राहकांच्या तक्रारी मिटवायची नोकरी, बोलायला तरबेज. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना-लिहिताना अक्षरांशी झगडावं लागणं, आहे हे शाळेतच कळलेलं. डिस्प्रॅक्सियाही, म्हणजे हालचालींचा मेळ बसवणं अवघड जाणं, आहे हे कळायला मात्र तिशी उलटावी लागली. दोन्ही एकाच माणसात असणं काही नवलाचं नाही. डिस्प्रॅक्सियाला कागदोपत्री डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात; शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना तो असतो आणि त्यातल्या पुष्कळांची मोठेपणीही पाठ सोडत नाही. पण मोठ्या माणसाची कोण तपासणी करतो? ‘वेंधळा आहे’ म्हटलं की विषय संपला.

घरचं सगळं आजवर त्याची आई बघायची. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि बाजारहाट, स्वयंपाक याच्या गळ्यात आला. रोज काही ना काही राहायचं. मग पुन्हा दुकान, मग उशीर, मग बाहेरून जेवण. आई पलंगावरून म्हणायची, “एवढंसं लक्षात राहत नाही तुझ्या?”

तर आम्ही दुकानात गेलो. अशा वेळी माझं काम मागे उभं राहायचं. धोका असेल तरच बोलायचं, एरवी तोंड बंद. दुकानात नेऊन माणूस पारखायची ही पद्धत आमच्या क्षेत्रात जुनी आहे. टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांबद्दल लिहिलं होतं. टेबलावरच्या बऱ्याच चाचण्या त्यांना नीट सोडवता यायच्या. पण बाजारात चार किरकोळ कामं करून या म्हटलं की गोंधळ उडायचा. तो आजार वेगळा आणि हे वेगळं, पण ‘नुसतं सामान तर आणायचंय’ असं कुणी म्हणालं की मला ते तिघं आठवतात.

पहिली दहा मिनिटं तो माझ्या तक्त्याकडेच बघत होता. बोट एका ओळीवर, डोळे दुसऱ्या. यादीत ‘साखर’ होती आणि तिच्या खाली दोन ओळी सोडून ‘साबण’. त्याने साखर घेतली आणि खूण केली साबणापुढे. म्हणजे साबण आता ‘आलेला’ होता. मी वहीत लिहून घेतलं आणि गप्प राहिले. सुरुवातीचं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने वाचणं ही त्याची शाळेपासूनची युक्ती आणि तिनेच तो पदवीपर्यंत पोचला होता. माझ्या यादीने तिला बरोबर खिंडीत गाठलं. रंगांचा काडीचाही उपयोग नव्हता. रंग मला सोपे वाटत होते, इतकंच.

शिवाय यादी पदार्थांप्रमाणे लावलेली आणि दुकान कप्प्यांप्रमाणे. कांद्यासाठी तो एका टोकाला तीनदा गेला, कारण कांदा तीन पदार्थांत होता आणि मी तो तीनदा लिहिला होता. ही चूक मला घरी बसून दिसली नव्हती.

गल्ल्यापाशी तर बघवेना. पिशवीचं तोंड उघडं धरायचं, सामान आत टाकायचं, रक्कम ऐकायची, पैसे काढायचे आणि मागच्या माणसाचं चुकचुकणं सहन करायचं. आपण हे विचार न करता करतो. त्याला प्रत्येक हालचाल स्वतःला सांगून करावी लागते. अंडी सगळ्यांत आधी पिशवीत गेली, त्यांच्यावर बटाटे. बाहेर आल्यावर पिशवीच्या तळाशी ओल दिसली.

“अंडी वर ठेवायची हे मला माहीत असतं, मॅडम,” तो म्हणाला. “पण ते हातापर्यंत पोचेस्तोवर बटाटे पडलेले असतात.”

एकावन्न मिनिटं. अठरापैकी बारा जिनसा आल्या, चार राहिल्या आणि दोन भलत्याच.

घरी आल्यावर तो फुटलेली अंडी निस्तरत होता. फडकं हवं म्हणून मी ओट्याखालचा एक खण ओढला. फडकं नव्हतं. रिकामी पाकिटं होती, घडी घालून, एकावर एक. पीठ, तेल, साबण, दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळवलेली. मी बघतच राहिले. आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, “तो कचरा फेकून द्या हो! किती वेळा सांगितलं.”

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूहळू सांगितलं. ऑपरेशनच्या आधीही आई अधूनमधून एकदोन वस्तू आणायला पाठवायची. तेव्हा तो संपलेल्या वस्तूचं पाकीट खिशात घालून न्यायचा. दुकानात वाचायचं नाही, चित्राला चित्र जुळवायचं. मिळालं की पाकीट कचऱ्यात. हातातली पाकिटं संपली की खरेदी संपली.

“मग आज का नाही नेलीत?”

“तुम्ही येणार होता ना. म्हटलं, जरा नीट करावं.”

माझा लॅमिनेशन केलेला तक्ता ओट्यावर अंड्याच्या बलकात पडला होता. मला हसू आलं आणि लाजही वाटली. तपासणीत मी त्याला दीडशे प्रश्न विचारले होते. ‘सध्या कसं भागवता?’ हा त्यात नव्हता.

तक्ता तिथेच राहिला. पुढचे दोन तास आम्ही पाकिटांवरून काम केलं. पाकिटं काय संपलं ते सांगतात, पण काय लागणार ते सांगत नाहीत आणि भाजीला पाकीट नसतं. त्यावर तोडगा त्यानेच सुचवला. त्याला जमणारे पदार्थ पाच. दर वेळी शिजवायच्या आधी सगळं सामान ओट्यावर मांडायचं आणि फोनवर एक फोटो काढायचा. आठवड्याचा बेत म्हणजे त्यातले चार फोटो निवडणं. बेत सात दिवसांचा असलाच पाहिजे हा माझा हट्ट कुठून आला होता कोण जाणे. शिळं उरतं, कधी कुणी जेवायला बोलावतं, एखाद्या दिवशी नुसतं दूध पिऊन माणूस झोपतो.

आईंशी वाद झाला तो ‘थोडं’ या शब्दावरून. थोडं मीठ, थोडं पाणी, होत आलं की उतरव. त्यांना यात काय चुकतंय ते कळेना आणि याला त्यातलं काहीच कळेना. शेवटी त्यांच्या मांडीवर ताट ठेवलं, मिठाचा डबा दिला आणि म्हटलं, तुमची चिमूट यात टाका. ती चमच्यात भरून बघितली. “माझी चिमूट मोजायला बाई आलीय घरी,” त्या म्हणाल्या, पण चार पदार्थांच्या चिमटी मोजून दिल्या.

स्वयंपाकाचं फार काही करावं लागलं नाही. विळीऐवजी सुरी, फळीखाली ओलं फडकं म्हणजे ती सरकत नाही. सगळं चिरून झाल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही, आणि पेटवली तर एकच. गल्ल्यासाठी एक उघड्या तोंडाची कडक टोपली, पिशवी नव्हे. अंड्यांसाठी निराळा डबा, हातात धरायचा.

पुढच्या आठवड्यात तो एकटा गेला. मी घरी आईंजवळ बसले होते. पंचवीस मिनिटांत परत. टोपली ओट्यावर ठेवून त्याने एकेक वस्तू काढली, फोटोशी ताडून बघितली. अंडी शाबूत.

“मीठ?” आईंनी विचारलं.

मीठ नव्हतं. त्याने खण उघडला, पाकिटं उलटीपालटी केली. मिठाचं रिकामं पाकीट त्यात नव्हतंच.

आई जरा वेळ वॉकरच्या दांड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “परवा मीच फेकलं.”