पानावर डाग दिसले? आधी बोट फिरवून बघा

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कंपाउंडमधल्या आंब्याचा फोटो येतो, झाडाला रोग लागलाय म्हणून, आणि दोन मेसेज खाली कोणीतरी लिहितंच की तोडूनच टाका ना एकदाचं. अहो तोडायचं काय त्यात! खाली उतरा, एक पान घ्या, ओलं बोट फिरवा त्यावर.

काळं बोटाला आलं आणि खाली पान हिरवंगार निघालं तर ती काजळी. बुरशीच आहे ती, पण पानात शिरत नाही, तुडतुडे रस शोषून जो गोड चिकटा टाकतात त्यावर वाढते (झाडाखाली लावलेल्या गाड्या चिकट का होतात तेही कळलं असेल). इथे बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात, बंदोबस्त तुडतुड्यांचा करायचा.

डाग पुसला गेला नाही, तपकिरी वेडावाकडा आहे, मधला वाळका भाग गळून भोक पडलंय, तर तो करपा. मुंबईचा पाऊस म्हणजे याची चंगळच, त्यातून कोवळी तांबूस पालवी असली की बघायलाच नको. याचे बीजाणू पडलेल्या पानांवर आणि वाळक्या काटक्यांवर टिकतात आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात, आणि आमच्याकडे झाडलोट करून तोच पाचोळा बुंध्याशी ढीग करून ठेवतात! तो उचलला तरी बरंच काम होतं.

पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं म्हणजे भुरी, ती थंडीत मोहरावर येते, तिला पाण्यात मिसळणारं गंधक. पानावर नारिंगी मखमली ठिपके असतील तर ते चक्क शेवाळ. सातवीणीच्या पानांवरच्या गाठी एका किड्याच्या, आणि बदामाची पानं लाल होऊन गळतात ते तर नॉर्मलच आहे.

करप्यासाठी फवारणी हात पोचेल अशा झाडालाच करावी, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक). बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) घरी करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, सगळं प्लास्टिकच्या ड्रममध्ये, धातूच्या भांड्यात अजिबात नाही. मग घासलेला लोखंडी खिळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानंच जळतील. चार मजली उंच झाडावर मारायला गेलात तर औषध पानांपेक्षा लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जास्त बसेल.

मोठ्या झाडाला माझ्या मते औषधापेक्षा मोकळी माती जास्त लागते. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले की मुळांना ना हवा ना पाणी, मग साध्या करप्यानेही झाड खचतं. फांद्या छाटायच्या तर महापालिकेची परवानगी काढा, १९७५ चा झाडांचा कायदा आहे त्यासाठी. आमच्या सेक्रेटरी काकांना म्हटलं, काका, निदान बुंध्याभोवतीचे ब्लॉक तरी काढूया. ते हो म्हणालेत, आता पार्किंगवाले ऐकतायत का बघू.