खटका

निफाडचा पारा पेपराच्या पहिल्या पानावर यायला लागला की नाशिककर कपाटातून स्वेटर काढतात. मी त्याच आठवड्यात गाडीचं बॉनेट उघडलं. डावा दिवा गेला होता. गाडी २००३ची, एमएच-१५, पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओने पुन्हा पाच-पाच वर्षांनी जगायची परवानगी दिलेली. बल्ब बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं मोबाइलवरच्या एका मुलाने सांगितलं होतं. त्याची गाडी नवी होती आणि त्याच्या हातात बांगड्या नव्हत्या.

बल्बच्या पाठीवर वायरींचा एक ठोकळा बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला कनेक्टर म्हणत असतील, पण नाशकात द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात विचारा, तो कपलर. बॅटरी आणि दिवा यांच्यामधल्या बोळात हात घालून मी तो कपलर ओढला. हलला नाही. जोर लावला. मग माझ्या हातात एक निळी वायर आली. एकटीच. कपलर होता तिथेच होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका दूध घेऊन परतत होते. काकांची अंबडला स्विचगिअरच्या कंपनीत बत्तीस वर्षं गेली. त्यांनी पिशवी बाकावर ठेवली, वायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, आधी बांगड्या काढ. अंगठीपण."

मला वाटलं, हात आत जावा म्हणून सांगताहेत. तसं नव्हतं. बॅटरीचा लाल खांब आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सोन्याची बांगडी आडवी पडली, तर क्षणात लाल होते, आणि ती तेव्हाही मनगटावरच असते. गाडीचं सगळं अंग काळ्या वायरीला जोडलेलं असतं, म्हणून दहा नंबरच्या पान्याने आधी काळी सोडवायची. लाल आधी सोडवायला गेलं आणि पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगीच. बांगड्या मी दुधाच्या पिशवीशेजारी ठेवल्या.

हेडलाइटच्या कपलरला खटका नसतोच. बल्बचे तीन पाय आणि आतल्या पितळी पट्ट्या एकमेकांना घट्ट धरून बसतात, बस्स. बल्ब ६०/५५ वॉटचा. एवढी उष्णता पाठीशी घेऊन इतकी वर्षं बसल्यावर प्लॅस्टिक तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं झालं होतं. काकांनी पायांच्या मुळाशी स्प्रे मारला आणि मला चहा करायला पाठवलं. चहा होईपर्यंत स्प्रेने आपलं काम केलं होतं. मग त्यांनी कपलर ओढला नाही, चिमटीत धरून हलत्या दातासारखा डावीकडे-उजवीकडे डुलवला. निघाला. जळकाच होता, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन वायरींसकट नवा आणला. तो डाग देऊन जोडला, वर नळी चढवून आवळली, नवा बल्ब बसवला, विषय संपला.

म्हणजे संपायला हवा होता. पण काका म्हणाले, "आता बॉनेट उघडलंच आहे तर..." या वाक्याने आजवर किती रविवार खाल्ले असतील देव जाणे. पावसाळ्यात गाडी थंड असताना थरथरते, हे मीच त्यांना मागे कधीतरी सांगितलं होतं. त्यांच्या ते लक्षात होतं. माझ्या नव्हतं. कुठल्यातरी कपलरात ओल शिरली असेल, म्हणाले, एकेक काढून बघू.

इंजिनाभोवतीच्या कपलरांना मात्र खटके असतात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुठला दाबायचा, कुठला नखाने उचलायचा, कुठल्याला आधी रंगीत कुलूप बाजूला सरकवायचं. इंजेक्टरवर तारेची चिमुकली क्लिप, ती सुटली की थेट इंजिनाच्या पोटात उडी घेते. नव्या गाड्यांत पिवळे कपलरही दिसतात, ते एअरबॅगचे. त्यांना घरच्या माणसाने हात लावू नये. आमच्या गाडीला तेवढी चैन नव्हती, म्हणून तो धोकाही नव्हता. शिवाय निम्मे कपलर इंजिनाच्या मागे, जिथे डोळा पोचत नाही. मी पावडरच्या डब्यातला आरसा आणला. आरशात डावं ते उजवं झालं आणि मी दाबायच्या जागी उचलत बसले.

"ओढू नकोस," काका म्हणाले. "आधी आत ढकल."

निघत नाही म्हणून आपण ओढतो, आणि ओढल्यावर खटक्याची आकडी आपल्या पायरीला जास्तच घट्ट चिकटते. आत ढकललं की आकडी सैल पडते. तेवढ्यात खटका दाबायचा, मग ठोकळा धरून मागे घ्यायचं. वायरीला हात लावायचा नाही. हे मला एका वाक्यात समजलं आणि हाताला समजायला अकरा वाजले. खटक्याच्या फटीत धूळ बसलेली असते, तो पुरता दबतच नाही. आतली रबरी सील इतक्या वर्षांत प्लॅस्टिकला चिकटलेली असते. आणि आपल्याला वाटतं, दाबला की मी! मराठीत खटका दाबतात, खटके उडतात आणि एखादी गोष्ट खटकतेसुद्धा. त्या सकाळी तिन्ही झालं. उडाले ते पकडीवरून. मला पक्कड हवी होती, काका देत नव्हते.

दोन वेळा "राहू दे ते" ऐकून मी पकडीने दाबलाच. कट्.

खट् नव्हे, कट्. या दोन आवाजांत काय फरक असतो, ते ज्याने खटका तोडला आहे त्यालाच विचारावं. करड्या प्लॅस्टिकचा, नखाएवढा तुकडा माझ्या तळव्यावर आला. काका रागावले नाहीत, हे जास्त खटकलं. नायलॉनच्या जातीचं प्लॅस्टिक हवेतली थोडी ओल पिऊन राहतं, म्हणाले, आणि त्या ओलीवरच ते लवतं. इंजिनाशेजारी भाजून भाजून कोरडंठक्क झालेलं, त्यात ही सकाळची थंडी. "ऊन येऊ द्यायचं. नाहीतर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं." हे त्यांनी कट् च्या आधी का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. पकडीचा विषय पुन्हा निघाला असता.

ज्याचा खटका तुटला, तोच कपलर आतून हिरवा निघाला. तो हिरवा रंग मी लगेच ओळखला. आमच्या आजीच्या तांब्याच्या पातेल्यात चिंचेचं सार राहिलं की असाच हिरवा थर धरायचा आणि मग भांडी घेऊन कल्हईवाल्याला गाठावं लागायचं. काकांना सांगितलं तर ते खूश झाले. या पिनाही तांब्या-पितळेच्या, आणि त्यांच्यावरचा मुलामा बहुतेक कथिलाचाच. म्हणजे कल्हईच! ती घासून गेली, आत पाणी शिरलं, की तांबं हिरवं पडणार. पाणी कधी शिरलं, ते मला पक्कं ठाऊक होतं. २०१९च्या ऑगस्टात गोदावरी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेली, त्या दिवशी ही गाडी भांडी बाजाराजवळ मावशीकडे उभी होती आणि अर्धी चाकं पाण्यात होती. तांब्या-पितळेच्या दुकानांच्या शेजारी उभं राहून गाडीने कळक धरावा, यात एक प्रकारचं औचित्य होतं. आम्ही जुन्या टूथब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना घासल्या. कल्हईवाला असता तर नवसागराचा पांढरा धूर तरी पाहायला मिळाला असता.

जोडताना काका गप्प झाले. प्रत्येक कपलर बसवून कान देत होते. खट् ऐकू आलं की बोटाने हलकेच मागे ओढून बघायचं, मगच पुढचा. कंपनीत असेंब्ली लाइनवर आवाज आल्याशिवाय हात काढायचा नाही, अशी सवय लागली होती म्हणे. मला इतकी वर्षं वाटायचं की हे कपलर माणसाला छळायला केलेत. पण गाडीच्या कारखान्यातल्या लाइनवर कुणीतरी तो एका अंगठ्याने बसवला तेव्हा समोर मोकळं इंजिन होतं, वरचे पाइप आणि झाकणं यायची होती. बसवणाऱ्याचा एक सेकंद, काढणाऱ्याची एक सकाळ. खटका तुटलेल्या कपलरातून अर्थातच आवाज आला नाही. त्याला केबल टाय बांधला. जास्त आवळू नकोस, म्हणाले, पुढच्या वेळी कापावा लागणार आहे.

संध्याकाळी दोघं चक्कर मारायला निघालो. थरथर आहे की गेली, ते पावसाळ्यात कळेल. मायको सर्कलच्या सिग्नलला थांबलो. मायको कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, सर्कलचं कुणाला बदलता आलेलं नाही. पुढे लाल डबा उभा होता. उजव्या दिव्याचा झोत त्याच्या नंबर प्लेटवर पडला होता. डाव्याचा डब्याचं छप्पर ओलांडून कडुनिंबाच्या फांद्यांत शिरला होता.

काका बराच वेळ त्या फांद्या बघत राहिले. "बल्बच्या कड्याचे कान खाचेत बसले नाहीत," म्हणाले. "कपलर परत काढावा लागेल. सकाळी येतो."

"दुपारी," मी म्हटलं. "ऊन आल्यावर."