तूक आणि एत्तर

आमच्या शाळा तपासणीच्या कार्डावर दोन रकाने शेजारी शेजारी असतात, ‘एत्तर’ आणि ‘तूक’. कन्नडमधली उंची आणि वजन. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांतली पोरंही हे शब्द घरचे असल्यासारखे वापरतात. काट्यावरून उतरलं की विचारणार, “बाई, माझं तूक किती?” एत्तर कुणी विचारत नाही. खरं सांगायचं तर मीही त्याकडे फारसं बघत नव्हते.

फेब्रुवारी महिना, जांबोटीच्या बाजूचं गाव. काजूला मोहोर, आणि अकरालाच उकडायला लागलेलं. सातवीपर्यंतची शाळा, पट एकशे चाळीस, आणि ते सगळे एका दिवसात उरकायचे. काट्याजवळ नर्सबाई, भिंतीवरच्या टेपजवळ आमचा फार्मासिस्ट आणि व्हरांड्यातल्या टेबलाशी मी. डोळे, दात, कान, जिभेचा फिकेपणा बघायचा आणि पुढचं कार्ड घ्यायचं.

जेवणाच्या सुट्टीत एक आज्जी नातवाला हाताला धरून आली. दुसरीतलं पोर, सात वर्षांचं. खांदे, कोपर, गुडघे सगळं वेगवेगळं मोजता येईल असं.

“डॉक्टरबाई, ह्याला टॉनिक लिवून द्या. खातंय चांगलं, पण अंगाला काय लागत न्हाई. ह्याची अक्का बघा की, कशी गुटगुटीत हाय.”

अशी आज्जी प्रत्येक गावात असते. तिचं नाव बदलतं, टॉनिकची मागणी तीच. मी कार्ड काढलं. गेल्या वर्षी ११२ सेंटीमीटर आणि साडेसतरा किलो, यंदा ११८ आणि साडेएकोणीस. म्हणजे वर्षात सहा सेंटीमीटर आणि दोन किलो. साधारण चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं आणि दोन-तीन किलो भरतं. हे पोर बारीक होतं, पण आपल्या रेषेवर व्यवस्थित चाललं होतं. एक आकडा बघून ‘वाळकं’ म्हणायचं की ‘सुदृढ’, हे ठरतच नाही. निदान दोन आकडे लागतात आणि मधे काही महिन्यांचं अंतर लागतं. हे मी आज्जीला माझ्या परीनं समजावलं. ती ऐकत होती, पण पटत नव्हतं.

“वाढतंय ते दिसतंय की मला,” ती म्हणाली. “वर्षाला दोन चड्ड्या आखूड होतात ह्याच्या. अक्काचं तसं न्हाई. तिसरीतला परकर अजून लांबीला बरोबर बसतोय. कंबरेचा हूक तेवढा सरकवलाय.”

ती हे कौतुकानं सांगत होती. बिनखर्चाची नात.

मी पुढचं कार्ड उचललंही होतं, ते खाली ठेवलं. पाचवीतल्या नातीला बोलवा म्हटलं. गुरुजी म्हणाले, “तिचं सकाळीच झालंय की मॅडम.” झालं होतं खरं. सकाळी मीच तिचे दात बघितले होते आणि सही केली होती.

पोरगी आली ती स्वेटर घालून. भर दुपारी. कार्डावर तीन वर्षांचे आकडे होते. वजन २४, साडेसत्तावीस, ३१. उंची १२१, १२३, एकशे साडेचोवीस. गेल्या वर्षीच्या ओळीपुढे शेरा होता ‘ठीक’. अक्षर माझंच.

पहिली शंका आमच्या मोजण्यावरच आली. शाळेत टेप तिरका लागतो, पोरं टाचा उचलतात, वेण्यांचा अंबाडा मधे येतो. गुरुजींच्या पेटीतला लाकडी गुण्या मागवला. केस सोडायला लावले, टाचा-कुल्ले-पाठ भिंतीला टेकवली, गुण्या डोक्यावर काटकोनात धरला. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकशे साडेचोवीसच्या आसपास.

बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं २०१५ साली पाच ते अठरा वर्षांसाठी काढलेले तक्ते माझ्या पिशवीत असतात. त्यात बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याच्या, आलेखावर दोन रेषा महत्त्वाच्या, एक जादा वजनाची आणि दुसरी लठ्ठपणाची. मोठेपणीच्या २३ आणि २७ या आकड्यांशी त्या जुळवलेल्या आहेत. पाश्चात्त्य देशांत २५ आणि ३० धरतात, पण आपल्याकडे साखर आणि रक्तदाब त्याआधीच मागे लागतात. पोरीचा ठिपका २३ च्या रेषेच्या किंचित वर पडला. एवढ्यावर कुणी काही करत नाही. बिस्किटं, कुरकुरे कमी करा, खेळायला पाठवा, एवढं सांगून आम्ही पुढं जातो. पण खाऊन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानानं उंचही असतं, कारण जास्तीच्या खाण्यानं उंचीही थोडी रेटली जाते. इथं वजन चढत होतं आणि उंची जागेवर बसली होती. जाड आणि बुटकं होत जाणारं मूल दिसलं की ताटाकडे नाही, ग्रंथींकडे बघायचं, हे कॉलेजात पाठ केलं होतं. पाठच राहिलं होतं.

कोपरं खरखरीत. नाडी मंद. मान वर करून पाणी गिळायला लावलं, तर गळ्याखाली मऊ फुगवटा वरखाली झाला. बाजूला घेऊन संडासचं विचारलं. खाली बघून म्हणाली, “चार-चार दिवस होत न्हाई.” गुरुजी मागून म्हणाले, “लई गुणी पोरगी हो. जागेवरनं उठत न्हाई कधी.”

थायरॉईड या गळ्यातल्या ग्रंथीची शंका आली. तपासणीला बेळगावला पाठवायचं म्हटल्यावर अडचणी निघाल्या. बाप गोव्याला कामाला, आईची रोजची मजुरी, आणि आज्जीचं मत पक्कं की थायरॉईड हा बायकांचा आजार, पोरींना होत नाही. एका खासगी डॉक्टरनं म्हणे मागेच सांगितलं होतं, “खातंपितं घर आहे, चांगलंच आहे.” मी त्यावर काही बोलले नाही. माझा ‘ठीक’ त्याच कार्डावर होता.

दुसऱ्या आठवड्यात आई गेली तिला घेऊन. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, रक्तात शंभरच्या वर निघालं, जे पाचच्या आसपास थांबायला हवं. शरीरच स्वतःच्या थायरॉईडवर उलटलेलं होतं. मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय जेमतेम सात वर्षांचं दिसलं. आई घाबरली, पण त्यातलं हेच बरं होतं. हाडं मागे आहेत म्हणजे वाढायला अजून जागा आहे. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची एक गोळी, चहाच्या अर्धा तास आधी. खर्च फारसा नाही. चुकवायची मात्र नाही.

त्या आठवड्यात रोज रात्री मी जुनी रजिस्टरं काढून बसत होते. आपण किती पोरांची उंची लिहिली आणि वाचली नाही, ते बघायला. आणखी एक पोरगा संशयास्पद वाटला, म्हणून मुद्दाम त्याच्या गावी जाऊन आले. तो ठणठणीत होता. आधीच्या वर्षी कुणीतरी त्याला बूट घालून मोजलं होतं.

ऑगस्टमध्ये धो धो पावसात त्या शाळेत पुन्हा गेले. पोरीची उंची सहा महिन्यांत चार सेंटीमीटर वाढलेली, वजन किलोभर कमी. गुरुजींची आता तक्रार होती की ती वर्गात बडबड करते. परकर बदलला होता.

आज्जीही आली होती. नातीचं मी काही सांगेपर्यंत तिला दम नव्हता. तिनं नातवाला माझ्यापुढं ढकललं, त्याचा शर्ट वर करून बरगड्या दाखवल्या आणि म्हणाली, “तिचं झालं. आता ह्याचं टॉनिक लिवा बघू.”